प्लॅस्टिक नेमकं किती अंशाला विघटतं? उत्तर दडलंय तापवण्याच्या वेगात!

"टाकाऊ प्लॅस्टिकपासून घरच्या घरी पेट्रोल" असे रील्स तुमच्याही फोनवर आले असतीलच. एक पत्र्याचा डबा, खाली जाळ, वर एक नळी आणि शेवटी बाटलीत पडणारा पिवळसर द्रव. अशा एका व्हिडिओत सांगतात, "प्लॅस्टिक ४५० अंशाला तुटतं." दुसऱ्या व्हिडिओत आकडा असतो ४७०, तिसऱ्यात थेट ५००. मग खरं कोण बोलतंय?

गंमत म्हणजे तिघंही बरोबर असू शकतात, आणि तिघांचंही बोलणं अर्धवट असतं. कारण "प्लॅस्टिक किती अंशाला तुटतं?" या प्रश्नाला एकच एक उत्तर नाहीच. आधी विचारावं लागतं, "किती वेगाने तापवलं?" मिनिटाला ५ अंश तापवलं तर एक उत्तर, २० अंश तापवलं तर दुसरं. प्लॅस्टिक तेच, मशीन तेच, आकडा मात्र वेगळा.

हे असं का होतं, त्यातून शास्त्रज्ञ कोणती माहिती काढतात आणि आपल्यासारख्यांनी कोणत्या दाव्यावर विश्वास ठेवायचा, हे आज सोप्या भाषेत समजून घेऊया. शेवटी फोनच्या कॅल्क्युलेटरवर करता येईल असा एक छोटा हिशोबही आहे, तो नक्की करून बघा.

आपल्या भागाशी याचा काय संबंध?

साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्याचंच उदाहरण घ्या. ऊस, आलं आणि इथला प्रसिद्ध वाघ्या घेवडा ही इथली ओळख. पण शेतात नीट बघितलं तर पिकाइतकंच प्लॅस्टिकही दिसेल. ठिबकच्या काळ्या नळ्या पॉलिथिलीनच्या. मल्चिंग पेपर नावाला 'पेपर', प्रत्यक्षात पॉलिथिलीनची पातळ फिल्म. पाण्याची पाईपलाईन पीव्हीसीची. खताची विणलेली गोणी पॉलिप्रॉपिलीनची. घरी येणारी दुधाची पिशवी पुन्हा पॉलिथिलीनची.

हंगाम संपला की यातलं बरंच बांधावर गोळा होतं. कोणी भंगारात देतं, कोणी काडी लावून मोकळं होतं. आणि आता तिसरा पर्याय कानावर येतोय, "मशीन घ्या, प्लॅस्टिकचं तेल करा, पैसे कमवा." मशीन विकणारा माणूस हातात एक रिपोर्ट ठेवतो. त्यात एक वक्ररेषा असते आणि खाली तापमान लिहिलेलं असतं. तो कागद वाचता आला पाहिजे, कारण त्यावर कुणाचं तरी कर्ज उभं राहणार असतं.

आधी हे क्लिअर करू: वितळणं वेगळं, विघटन वेगळं

बरेच जण इथेच गोंधळतात. पॉलिथिलीन साधारण ११० ते १३० अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं. पण वितळलं म्हणजे तुटलं नाही. थंड केलं की ते परत घट्ट होतं. रिसायकलिंगमध्ये दाणे पाडतात ते याच गुणावर.

विघटन ही पुढची गोष्ट. पॉलिमर म्हणजे हजारो छोट्या कड्या जोडून झालेली लांब साखळी. तापमान खूप वाढलं की या साखळीतले रासायनिक बंध तुटायला लागतात. लांब साखळीचे छोटे तुकडे होतात, ते वायू किंवा वाफ होऊन उडून जातात. हे उलटं फिरवता येत नाही. ऑक्सिजन नसताना पॉलिथिलीनच्या बाबतीत हे साधारण ४०० ते ५०० अंशांच्या दरम्यान घडतं.

प्रत्येक पॉलिमरची तुटण्याची तऱ्हाही वेगळी असते. पॉलिथिलीनची साखळी कुठेही तुटते, त्यामुळे लहानमोठ्या तुकड्यांची खिचडी मिळते. अ‍ॅक्रिलिकची साखळी मात्र टोकापासून माळेतले मणी ओघळावेत तशी सुटत जाते आणि मूळचा कच्चा माल बऱ्याच प्रमाणात परत मिळतो. पीव्हीसी तर दोन टप्प्यांत तुटतं. आधी त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडतो, मग उरलेला सांगाडा तुटतो. यातला पहिला टप्पा खूपच कमी तापमानाला येतो. त्याचा धोका पुढे बघू.

टीजीए मशीन: आगीतला तराजू

हे सगळं मोजायला प्रयोगशाळेत एक मशीन असतं. त्याचं नाव थर्मोग्रॅव्हिमेट्रिक अ‍ॅनालायझर, थोडक्यात टीजीए. कल्पना एकदम सोपी आहे. भट्टीत एक अतिशय नाजूक तराजू. त्याच्या छोट्याशा वाटीत ५ ते १० मिलिग्रॅम प्लॅस्टिक ठेवायचं, म्हणजे साखरेचे काही दाणे भरतील एवढंच. आजूबाजूने नायट्रोजन वायू सोडायचा, म्हणजे प्लॅस्टिक जळणार नाही, नुसतं तुटेल. मग ठरलेल्या वेगाने तापवत जायचं आणि वजन किती कमी होतंय ते बघत राहायचं.

या यंत्राचा इतिहासही जुना आहे. जपानमधल्या कोतारो होंडा या शास्त्रज्ञाने १९१५ मध्ये 'थर्मोबॅलन्स' म्हणजे उष्णतेतला तराजू या नावाने त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. आज पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेपासून अनेक विद्यापीठांपर्यंत ही यंत्रं वापरात आहेत. तुम्ही केमिस्ट्री किंवा पॉलिमर घेऊन एमएस्सी करणार असाल तर कधी ना कधी तुमची त्याच्याशी गाठ पडेल.

मशीन सुरू करताना एक सेटिंग द्यावं लागतं, मिनिटाला किती अंश तापवायचं. ५? १०? २०? यालाच हीटिंग रेट म्हणतात. इथून खरी गोष्ट सुरू होते.

वेग वाढवला की आकडा पुढे का सरकतो?

पुण्याहून मिरजेकडे जाणारी रेल्वे डोळ्यासमोर आणा. जेजुरी, नीरा, लोणंद, वाठार, सातारा, कोरेगाव, रहिमतपूर, कराड... आता एक खेळ समजा. गाडीत शंभर माणसं आहेत. सगळ्यांना कुठेतरी उतरायचंच आहे, पण कुठे ते ठरलेलं नाही. फक्त एक नियम आहे, प्रत्येक पुढच्या स्टेशनवर उतरण्याची घाई दुप्पट होते.

पॅसेंजर गाडी प्रत्येक स्टेशनवर १० मिनिटं थांबते. सुरुवातीला घाई कमी, म्हणून एखाददुसराच उतरतो. पुढे घाई वाढते, आणि समजा साताऱ्याला सगळ्यात जास्त गर्दी उतरते.

आता तीच माणसं एक्स्प्रेसमध्ये बसवा. ती प्रत्येक स्टेशनवर ५ मिनिटंच थांबते. साताऱ्याला उतरायची घाई तेवढीच आहे, पण वेळ निम्मा मिळाला. म्हणून बरीच माणसं गाडीतच राहिली. पुढच्या कोरेगावला घाई दुप्पट झाली. निम्मा वेळ गुणिले दुप्पट घाई, हिशोब बरोबर जुळला. सगळ्यात जास्त गर्दी आता कोरेगावला उतरली. अख्खा प्रकार बरोबर एक स्टेशन पुढे सरकला!

प्लॅस्टिकमध्ये हेच होतं. स्टेशन म्हणजे तापमान, माणसं म्हणजे तुटणारे बंध, थांबा म्हणजे त्या तापमानाला मिळालेला वेळ. वेगाने तापवलं की प्रत्येक तापमानाला वेळ कमी मिळतो, म्हणून तुटण्याचं मुख्य काम पुढच्या, जास्त तापमानावर होतं. प्लॅस्टिक 'जास्त मजबूत' झालं असा याचा अर्थ अजिबात नाही. माणसं तीच आहेत, फक्त गाडीने त्यांना पुढे नेलं.

एक स्टेशन म्हणजे किती अंश?

इथे स्वान्ते अर्‍हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाचं १८८९ मधलं समीकरण मदतीला येतं. ते सांगतं की तापमान वाढलं की अभिक्रियेचा वेग सरळ रेषेत वाढत नाही, पटीत वाढतो. किती पटीत, ते ठरवणाऱ्या आकड्याला सक्रियण ऊर्जा म्हणतात. साध्या शब्दांत, बंध तुटण्याआधी जी टेकडी चढावी लागते, तिची ही उंची.

नायट्रोजनमध्ये पॉलिथिलीनसाठी ही ऊर्जा बरेचदा प्रति मोल २०० ते २५० किलोज्यूलच्या टापूत सापडते. आपण समजण्यापुरती २२० धरू. तेव्हा ४७० अंशांच्या आसपास हिशोब केला तर दर १४ अंशांना तुटण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो. म्हणजे आपल्या गाडीची दोन स्टेशनं १४ अंशांच्या अंतरावर आहेत!

मिनिटाला १० अंश या वेगाने वजन सगळ्यात झपाट्याने कमी होण्याचं तापमान ४७० अंश धरलं, तर बाकीचं गणित असं येतं:

- मिनिटाला ५ अंश वेग: सुमारे ४५७ अंश
- मिनिटाला १० अंश वेग: ४७० अंश
- मिनिटाला २० अंश वेग: सुमारे ४८४ अंश
- मिनिटाला ४० अंश वेग: सुमारे ४९८ अंश

बघितलंत? वेग दुप्पट केला की आकडा साधारण १४ अंशांनी पुढे. ५ वरून ४० वर गेलो तर तब्बल ४० अंशांचा फरक. म्हणूनच तीन व्हिडिओंमधले तीन आकडे एकाच वेळी खरे असू शकतात.

किसिंजरची शक्कल: अडचणीलाच उत्तर बनवा

आकडा सरकतो ही शास्त्रज्ञांसाठी आधी डोकेदुखी होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत काम करणाऱ्या होमर किसिंजर यांनी ती उलटी फिरवली. ते मातीतल्या खनिजांवर प्रयोग करत होते. वेग बदलला की आलेखाचं शिखर सरकतं, हे त्यांच्यासमोर होतंच. त्यांनी विचार केला, शिखर किती सरकतं यावरूनच टेकडीची उंची काढता येईल की! १९५७ मध्ये त्यांनी त्याची पद्धत मांडली. आजही ती जगभर वापरतात.

कारण सोपं आहे. टेकडी उंच असेल तर तापमान थोडं वाढलं तरी तुटण्याचा वेग भराभर वाढतो. म्हणजे स्टेशनं जवळजवळ, आणि शिखर कमी सरकणार. टेकडी बुटकी असेल तर स्टेशनं लांबलांब, आणि शिखर जास्त सरकणार. सरकण्याचं अंतर मोजा, उंची आपोआप कळते.

नंतर जपानचे ताकेओ ओझावा यांनी १९६५ मध्ये आणि अमेरिकेतल्या फ्लिन आणि वॉल या जोडीने १९६६ मध्ये हीच कल्पना पुढे नेली. त्यांनी फक्त शिखर न बघता ५ टक्के तुटताना किती तापमान, १० टक्क्यांना किती, ५० टक्क्यांना किती, असं प्रत्येक टप्प्यावर वेगवेगळ्या वेगांची तुलना केली. फायदा काय? सुरुवातीला आणि शेवटी टेकडीची उंची वेगळी निघाली तर लगेच कळतं की आत एकच अभिक्रिया नाही, दोन-तीन गोष्टी एकत्र चालू आहेत. पीव्हीसीसारख्या दोन टप्प्यांत तुटणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये हे फार उपयोगी पडतं.

एकाच वेगाची एक रेषा घेऊन हे जमत नाही. एकाच वक्ररेषेवर वेगवेगळी गणितं बसवता येतात, प्रत्येकाची सक्रियण ऊर्जा वेगळी निघते आणि प्रत्येक गणित कागदावर छान दिसतं. म्हणून उष्णता-विश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या समितीने २०११ मध्ये दिलेल्या शिफारशींत स्पष्ट म्हटलंय की एका वेगावर अवलंबून राहू नका, तीन ते पाच वेगवेगळे तापमान-कार्यक्रम वापरा.

फोनच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा

फोन आडवा करा म्हणजे सायंटिफिक कॅल्क्युलेटर उघडेल. वरच्या यादीतले दोन आकडे घेऊ. ५ च्या वेगाला ४५७ अंश आणि २० च्या वेगाला ४८४ अंश.

पायरी १: दोन्ही तापमानांत २७३ मिळवा. झाले ७३० आणि ७५७ केल्विन.

पायरी २: प्रत्येक वेगाला त्याच्या तापमानाच्या वर्गाने भागा. म्हणजे ५ भागिले ७३० चा वर्ग, आणि २० भागिले ७५७ चा वर्ग. दुसऱ्या उत्तराला पहिल्याने भागा. येतील साधारण ३.७२. याचा नैसर्गिक लॉग घ्या, येईल १.३१४.

पायरी ३: १ भागिले ७३० मधून १ भागिले ७५७ वजा करा. येईल ०.००००४८८६.

पायरी ४: ८.३१४ ला १.३१४ ने गुणा आणि पायरी ३ च्या उत्तराने भागा.

उत्तर येईल साधारण २,२३,५०० ज्यूल, म्हणजे प्रति मोल २२३.५ किलोज्यूल. आपण सुरुवात २२० ने केली होती. मधला साडेतीनचा फरक कुठून आला? ४५६.५ चं आपण ४५७ केलं, एवढ्याचाच! अर्ध्या अंशाची ही करामत. आता कल्पना करा, मशीनच दोन-तीन अंश चुकलं तर काय होईल.

भाकरी बाहेरून करपते, आतून कच्ची राहते

मोठ्या आचेवर भाकरी टाकली की असंच होतं ना? तवा तापला म्हणजे भाकरी आतपर्यंत तापली असं नाही. प्लॅस्टिक तर उष्णतेचं अगदी वाईट वाहक. भट्टी भराभर तापवली की सेन्सर ४८७ अंश दाखवतो, पण वाटीतलं प्लॅस्टिक अजून ४८४ वरच असतं. याला थर्मल लॅग म्हणतात, म्हणजे मागे पडलेलं तापमान.

म्हणजे वेग वाढवल्यावर शिखर दोन कारणांनी सरकतं. एक खरं कारण, बंधांना वेळ कमी मिळाला. दुसरं खोटं कारण, प्लॅस्टिक सेन्सरच्या मागे पडलं. आलेखावर दोन्ही सारखीच दिसतात, तिथेच फसगत होते.

वरच्या हिशोबात ४८४ च्या जागी ४८७ घालून परत करा. उत्तर २२३.५ वरून थेट २०१ वर येतं! तीन अंशांच्या गडबडीने टेकडीची उंची दहा टक्क्यांनी घसरली.

यावर उपाय काय? नमुना कमी घ्यायचा, बारीक आणि पातळ घ्यायचा, आणि उगाच घाई करायची नाही. एक अंदाजी नियम वापरतात, मिलिग्रॅममधलं वजन गुणिले मिनिटाचा वेग हा गुणाकार १०० च्या वर जाऊ द्यायचा नाही. म्हणजे १० च्या वेगाला १० मिलिग्रॅम चालेल, २० च्या वेगाला ५ मिलिग्रॅमच.

१८५० वर्षे की ३२० वर्षे?

"दहा टक्के चुकलं तर बिघडलं कुठे?" असं वाटत असेल तर हे बघा.

समजा कंपनीला सांगायचंय की हे प्लॅस्टिक २०० अंशांना ठेवलं तर निम्मं वजन कमी व्हायला किती काळ लागेल. प्रयोग झालाय ४७० अंशांच्या आसपास, उत्तर हवंय २०० अंशांचं. म्हणजे रेषा लांबवून अंदाज बांधायचा. सक्रियण ऊर्जा २२० धरली तर उत्तर येतं सुमारे १८५० वर्षे. २०० धरली तर सुमारे ३२० वर्षे. ऊर्जेत दहा टक्क्यांचा फरक, आयुष्यात जवळजवळ सहापट!

आणि खरं सांगायचं तर ही दोन्ही उत्तरं वापरण्यालायक नाहीत. प्रयोग झाला नायट्रोजनमध्ये. आपलं प्लॅस्टिक असतं हवेत. तिथे ऑक्सिजन साखळीवर हल्ला करतो आणि तुटण्याचा रस्ताच बदलतो, तोही खूप कमी तापमानाला. शेतात त्यात ऊन येतं. ठिबकच्या नळ्या काळ्या का असतात, माहितीये? त्यात कार्बन ब्लॅक मिसळलेलं असतं, ते अतिनील किरणं अडवतं. नाहीतर नळी उन्हात लवकर ठिसूळ होईल. टीजीएच्या कागदावर शेकडो वर्षं टिकणारी फिल्म बांधावर काही हंगामांत कुरकुरीत होते, ती यामुळेच.

म्हणून कुठल्याही जाहिरातीत "४०० अंशांपर्यंत सुरक्षित" असं वाचलंत की सावध व्हा. ४०० अंशांपर्यंत वजन कमी झालं नाही आणि ४०० अंशांत वापरता येतं, या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पॉलिथिलीन त्याच्या कितीतरी आधी, १३० अंशांच्या आतबाहेरच पातळ होऊन बसलेलं असतं.

उसाच्या चिपाडात वेगळीच कहाणी

आत्तापर्यंत आपण बघितलं की वेग बदलला की तापमान सरकतं. पण काही पॉलिमरमध्ये वेग बदलला की मिळणारी वस्तूच बदलते.

आपल्याकडचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण म्हणजे बगॅस, उसाचं चिपाड. यात सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन असतं. हेही पॉलिमरच, फक्त निसर्गाने बनवलेले. हवा बंद करून हे हळूहळू तापवलं तर साखळ्यांना पाणी सोडायला आणि एकमेकींना जोडून घट्ट व्हायला वेळ मिळतो. मग साधारण तिसरा हिस्सा वजन कोळसा म्हणून उरतं. तेच बारीक करून ५०० अंशांच्या आसपास क्षणार्धात तापवलं आणि निघालेली वाफ पटकन थंड केली, तर निम्म्याहून जास्त वजन तेलकट द्रव म्हणून मिळतं.

कारण इथे दोन रस्ते आहेत, कोळशाचा आणि वाफेचा. हळू तापवलं की कमी तापमानावर जास्त वेळ जातो, तिथे कोळशाचा रस्ता जिंकतो. झटकन तापवलं की पदार्थ तो टप्पा ओलांडून पुढे जातो, तिथे वाफेचा रस्ता जिंकतो. कोळसा पाडणारी माणसं भट्टी मातीने लिंपून दिवसचे दिवस धुमसत का ठेवतात, याचं शास्त्र हेच.

मग प्लॅस्टिकचं तेल खरंच होतं का?

होतं. यात खोटं काही नाही. पुण्यात मेधा ताडपत्रीकर आणि शिरीष फडतरे यांनी सुरू केलेल्या रुद्र एन्व्हायर्न्मेंटल सोल्यूशनने घराघरांतून टाकाऊ प्लॅस्टिक गोळा करून जेजुरीच्या प्रकल्पात त्याचं इंधन बनवलं आहे. बंद भांडं, ऑक्सिजन नाही, उष्णता आणि उत्प्रेरक. उत्प्रेरक म्हणजे टेकडीची उंची कमी करून देणारा पदार्थ, म्हणून तुलनेने कमी तापमानाला काम होतं.

पण प्रयोगशाळेतले १० मिलिग्रॅम आणि प्रकल्पातलं शेकडो किलो प्लॅस्टिक यात फार मोठी दरी आहे. मोठ्या भांड्यात भिंतीजवळचं प्लॅस्टिक एका वेगाने तापतं, मधलं दुसऱ्याच. भाकरीची गोष्ट इथे हजारपट मोठी होते. भांडं किती मोठं, ढवळायचं कसं, किती तास ठेवायचं, इंधन किती लागेल, हे ठरवायला इंजिनिअरला सक्रियण ऊर्जेचा खात्रीचा आकडा लागतो. तो एका वेगाच्या एका रेषेतून काढला असेल तर अख्खं डिझाइन हवेत बांधल्यासारखं होतं.

आणि रील बघून घरी करायचा विचार असेल तर स्पष्ट सांगतो, अजिबात करू नका. कारणं तीन आहेत:

- निघणारी वाफ पेट्रोलसारखीच ज्वालाग्राही असते आणि खालीच उघडा जाळ असतो. नळी तुंबली तर डबा बॉम्बसारखा फुटू शकतो. गळती झाली तर क्षणात भडका.
- मिळणारा द्रव पेट्रोल नसतोच. तो लहानमोठ्या साखळ्यांची खिचडी असतो. गाडीत टाकला तर इंजिनाची वाट लागते.
- चुकून पीव्हीसीचा तुकडा गेला तर? शुद्ध पीव्हीसीच्या वजनाचा जवळपास ५८ टक्के भाग हायड्रोजन क्लोराइड होऊन बाहेर पडू शकतो, तोही २०० ते ३५० अंशांच्या दरम्यान, म्हणजे पॉलिथिलीन तुटण्याच्या कितीतरी आधी. तो ओलाव्यात मिसळला की हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड तयार. तुमच्या डोळ्यांत, घशात आणि फुप्फुसांत ओलावा असतोच.

हीच गोष्ट बांधावर काडी लावण्याची. उघड्यावर पाईपचे तुकडे जाळले की हाच वायू निघतो, आणि अर्धवट ज्वलनात डायॉक्सिनसारखी घातक संयुगंही तयार होऊ शकतात. कोरडं, माती झटकलेलं पॉलिथिलीन वेगळं बांधून भंगारात दिलं तर त्याचे दाणे होतात. पाईप वेगळे ठेवा, फिल्म वेगळी ठेवा. एवढी वर्गवारी केली तरी पुढच्या माणसाचं निम्मं काम हलकं होतं.

रिपोर्ट हातात आला तर हे ५ प्रश्न विचारा

कॉलेजचा प्रोजेक्ट असो, मशीनची जाहिरात असो की कंपनीचं माहितीपत्रक, तापमानाचा आकडा दिसला की हे विचारायचं:

१. तापवण्याचा वेग किती होता? तो लिहिलेला नसेल तर आकड्याला अर्थ नाही.

२. कोणत्या वायूत तापवलं? नायट्रोजन की हवा? दोन्हींची उत्तरं फार वेगळी येतात.

३. हे तापमान नेमकं कशाचं? वजन कमी व्हायला लागल्याचं, ५ टक्के गेल्याचं, की शिखराचं? एकाच रेषेवर या तीन बिंदूंमध्ये बराच फरक असू शकतो.

४. नमुना किती आणि कशाचा? शुद्ध कच्चा माल, की माती-रंग-भेसळ असलेला खरा कचरा?

५. सक्रियण ऊर्जा दिली असेल तर किती वेगांवरून काढली? एकाच वेगावरून असेल तर ती कागदावरच राहू द्या.

हे पाच प्रश्न शांतपणे विचारले की समोरच्याला विषय कळतो की नुसता कागद छापलाय, ते पाच मिनिटांत समजतं.

थोडक्यात सांगायचं तर

वेगाने तापवलं की प्लॅस्टिक जास्त तापमानाला तुटताना दिसतं, कारण प्रत्येक तापमानाला त्याला कमी वेळ मिळतो. त्याने प्लॅस्टिक मजबूत होत नाही आणि साध्या पॉलिमरमध्ये टेकडीची उंचीही बदलत नाही. उलट वेगवेगळ्या वेगांनी तापवून, आकडा किती सरकतो ते मोजूनच ती उंची कळते. मात्र मशीन मागे पडलं, नमुना जाड झाला किंवा एकाच रेषेवर भरवसा ठेवला, तर शतकांच्या हिशोबाने चूक होते.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी कोणी छातीठोकपणे म्हणालं की "प्लॅस्टिक ४५० अंशाला तुटतं", तर एकच विचारा, "मिनिटाला किती अंशाने तापवलं होतं, दादा?" आणि गावाकडच्या ग्रुपवर तेलाच्या मशीनची जाहिरात फिरत असेल, तर पैसे भरण्याआधी वरचे पाच प्रश्न तिथेच टाका.